दादाचे आभार मानण्यातील तांत्रिक अडचणी

२१ नोव्हेंबर २०२४, गुरुवार
परवा दादाची तेरवी झाली. आजपासून डायरी लिहायची. ही डायरी मला भूमी अभिलेख कार्यालयातून रिटायर होताना भेट मिळाली. २०२० ची आहे, कोरी. वार जुळत नाहीत, ते पेनाने दुरुस्त करतो. जमीन मोजण्यात पस्तीस वर्षं गेल्यावर एवढं जमतं.

तेरवीला अनुसयावहिनींनी बाजूला बोलावलं. म्हणाल्या, "भाऊजी, पंधरा डिसेंबरले लखनकडे आभाराची सभा आहे. धान घरात आलं की दरसाल करतात. औंदा तुमच्या दादाची आठवणही त्यातच. तुम्ही उभं राहून दोन शब्द बोला. म्हणा, दादानं माह्यासाठी केलं, त्याचे आभार. बस, एवढंच. तुमचे दादा तोंडानं कधी म्हणाले नाईत, पण वाट पाहून राह्यले होते."

हो म्हणालो. अवघड काही नाही. चोवीस दिवस हाताशी आहेत.

लखनची सौंदडला आटाचक्की आहे. रविवारी चक्की बंद असते आणि तिथेच येशूची प्रार्थना होते. दादा सहा वर्षं जात होता. का जातो, मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार
भाषणाचा मसुदा सुरू. "आदरणीय उपस्थित, दादाने माझ्यासाठी" इथपर्यंत झाला. सुरुवात भक्कम आहे.

पुढे काय काय केलं ते आठवायला बसलो. वडील गेले तेव्हा दादा सातवीत होता, मी चार वर्षांचा. त्याने शाळा सोडली आणि नांगर धरला. (गणित त्याला जमत नव्हतं, हेही लक्षात घेतलं पाहिजे.) मी गोंदियाला बीएस्सी करत होतो तेव्हा तीन वर्षं रोज सकाळच्या पॅसेंजरने डबा पाठवला. ओळखीचा गार्ड होता. (डबा गार असायचा. मी कधी तक्रार केली नाही.) नोकरीच्या परीक्षेला नागपूरला सोबत आला आणि पेपर सुटेपर्यंत गेटवर उभा राहिला. उन्हात. (मी तसं सांगितलं नव्हतं.)

इथे थांबलो. लिहिणं वस्तुनिष्ठ राहत नव्हतं.

२४ नोव्हेंबर, रविवार
सौंदडला जाऊन आलो. सभा त्यांची, तेव्हा दाखले त्यांच्याच पुस्तकातले हवेत. वहिनींकडून दादाचं बायबल मागून आणलं. जाड आहे. पुठ्ठ्याला खाकी कव्हर, शाळेच्या पुस्तकाला घालतात तसं. आत जागोजागी पेन्सिलीच्या रेघा. दादा बोट ठेवून वाचायचा, हे वहिनींनी सांगितलं. मला माहीत नव्हतं.

ठरवलं: रोज सकाळी सहा ते आठ अभ्यास. पंधरा दिवसांत पुस्तक संपवायचं.

२५ नोव्हेंबर, सोमवार
सकाळी आठला उठलो. उद्यापासून.

२६ नोव्हेंबर, मंगळवार
अनुक्रमणिका वाचली. पुस्तक संपवण्याचा विचार सोडला. दादाच्या रेघा आहेत तेवढंच वाचणार. कार्यालयातही आम्ही पूर्ण गाव मोजत नव्हतो, वादातला गट तेवढाच.

पहिलीच रेघ: सर्व परिस्थितीत उपकार माना, अशी आज्ञा. सर्व. अपवाद दिलेला नाही. कामाला येईल.

२७ नोव्हेंबर, बुधवार
गंभीर गोष्ट आढळली.

लूकच्या सतराव्या अध्यायात येशू विचारतो की, चाकर दिवसभर राबून शेतावरून आला तर मालक त्याचे आभार मानतो का? नाही मानत. आणि चाकरानेही काय म्हणावं? मी बिनकामाचा चाकर, जे करायचं होतं तेच केलं. म्हणजे केल्या कामाचे आभार नाहीत.

त्याच पानावर, बोटभर अंतरावर, दहा महारोगी बरे होतात. एक परत येऊन आभार मानतो. तर येशू विचारतो, बाकीचे नऊ कुठे आहेत?

एका पानावर आभार मानायचे नाहीत आणि मानले नाहीत म्हणून हजेरीही घ्यायची. शेजारच्या दोन शेतांचे नकाशे एकमेकांवर चढले की आम्ही काम थांबवायचो. हद्द ठरल्याशिवाय पुढे सही करायची नाही, हा नियम.

भाषण तूर्त थांबवलं आहे. हे आधी सुटलं पाहिजे.

२८ नोव्हेंबर, गुरुवार
दुर्गाला विसंगती समजावून सांगितली. पाऊण तास. बायको गोंदिया शहरातली, हिंदीत वाढलेली. ती मेथी निवडत होती. म्हणाली, "अहो, दो शब्द बोलायचेत. उसके लिए इतनी खोदाई?" 

तिला मुद्दा कळलेला नाही. तिचा दोष नाही.

३० नोव्हेंबर, शनिवार
चाकराच्या ओळीशेजारी दादाने पेन्सिलीने एक शब्द लिहिला आहे. काल चष्मा पुसल्यावर दिसला. "शाम." म्हणजे मी. श्यामलाल असं तो कधी म्हणाला नाही.

विचार केला. 'जे करायचं होतं तेच केलं' या वाक्यापाशी दादाला मी आठवलो. म्हणजे मी माझं कर्तव्य चोख केलं असं त्याचं मत असावं. बरं वाटलं. दर दिवाळीला जात होतो मी. दोन वर्षं सोडून.

दुर्गाला दाखवलं. तिने पान बराच वेळ पाहिलं आणि म्हणाली, "ये तुमच्याबद्दल नाही लिहिलं. त्यांनी स्वतःबद्दल लिहिलंय." मग आत गेली.  तिला लूक माहीत नाही.

१ डिसेंबर, रविवार
आणखी विसंगती. एका स्तोत्रात माणूस म्हणजे किडा. दुसऱ्यात देवाने त्याला स्वतःपेक्षा थोडंसंच कमी केलं. तिसऱ्यात मला किती अद्भुत घडवलं म्हणून तुझे उपकार. आणि यशया नावाचा संदेष्टा म्हणतो, आपली चांगली कामंसुद्धा मळक्या चिंध्या. मत्तयाच्या पुस्तकात तुमचं मोल पुष्कळ चिमण्यांहून जास्त. किती चिमण्या, आकडा नाही.

मूळ मुद्दा असा: माणूस नालायक असेल तर त्याचे आभार कसले? आणि लायक असेल तर त्याला नालायक का म्हणता? दादा या दोहोंपैकी कोणत्या गटात, हे ठरल्याशिवाय मी उभा राहून काही बोललो तर ते बेजबाबदार होईल.

सकाळी देवासमोर हात जोडून म्हणालो, "मी इतरांसारखा अभ्यास न करता घाईघाईने आभार मानणारा नाही, याबद्दल तुझे आभार." मन हलकं झालं.

२ डिसेंबर, सोमवार
लूक, अध्याय अठरा. एक माणूस मंदिरात उभा राहून म्हणतो, देवा, मी इतरांसारखा नाही याबद्दल तुझे आभार. नियम पाळणारा, उपास करणारा माणूस. मला तर तो बरोबर वाटला. पण येशू त्याला नापास करतो आणि दूर उभं राहून छाती पिटणाऱ्या एका वसुलीवाल्याला पास करतो.

म्हणजे आभार मानूनही चुकतं. ही आठवी विसंगती. कालच्या प्रार्थनेचा याच्याशी संबंध नाही.

३ डिसेंबर, मंगळवार
लखनला भेटायला सौंदडला गेलो. तज्ज्ञाचं मत घ्यावं. चक्की सुरू होती. बोलणं ओरडून करावं लागलं. त्याच्या भुवयासुद्धा पिठाने पांढऱ्या. माझे प्रश्न मी टाइप करून नेले होते. त्याने हात झटकून कागद घेतला, वाचला आणि हॉपरमध्ये गहू ओतत ओरडला, "काकाजी, सोपं आहे जी! चाकराले जे भेटते ते त्याच्या हक्काचं. मजुरीले कोणी थँक यू म्हणते का? आभार कशाचे मानतो आपण? जे आपल्या लायकीचं नव्हतं, तरी भेटलं, त्याचे. नालायक आहो म्हणूनच तं आभार! लायक असतो तं पावती मागतली असती!"

चक्कीच्या आवाजात नीट ऐकू आलं नाही. शिवाय तर्क कच्चा वाटला.

रांगेत उभ्या असलेल्या धुरपताबाई म्हणाल्या, "मास्तर, तुमी केशोदादाचे भाऊ ना? मंग कागद कायले?" मी मास्तर नाही, भूकरमापक होतो, हे त्यांना सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा मास्तरच म्हणाल्या.

५ डिसेंबर, गुरुवार
लखनचं म्हणणं तपासून पाहिलं, केवळ तपासणी म्हणून. ते खरं धरलं तर आभार मानणं म्हणजे उभं राहून सांगणं की दादाने माझ्यासाठी जे केलं त्याच्या मी लायक नव्हतो. पण शिकवायला दादाने मला निवडलं होतं. त्याच्या निवडीवर चारचौघांत शंका घेणं हा त्याचा अपमान झाला. तेव्हा आभार न मानणं हाच त्याचा मान.

हा निष्कर्ष मला फार आवडला. दोनदा वाचला.

६ डिसेंबर, शुक्रवार
दादा दवाखान्यात होता तेव्हा मी तीन दिवस त्याच्याजवळ बसलो. तेव्हाच बोलायचं ठरवलं होतं, हे इथे नोंदवून ठेवतो. पण पेशंटला थकवू नका, असा कागद भिंतीवर लावला होता. मी नियम मोडत नाही. तीन दिवस आम्ही धानाबद्दल बोललो. बांधीत पाणी किती, कापणीला मजूर मिळतील का. तिसऱ्या दिवशी त्याने विचारलं, "अजून काई?" मी म्हणालो, नाही, बाकी ठीक. त्याने डोळे मिटले. थकला होता.

नियम बरोबर होता.

९ डिसेंबर, सोमवार
विसंगती अकरा झाल्या. भाषण सात पानं. दादाबद्दलचा भाग शेवटी ठेवला आहे, आठव्या पानावर. आठवं पान अजून लिहायचं आहे.

दुर्गासमोर तालीम केली. तिसऱ्या पानावर तिने कुकर लावला. पाचव्या पानावर शिट्ट्या झाल्या. शेवटी म्हणाली, "छान आहे. लेकिन ये भाषण आहे की नोटीस?" 

कार्यालयीन शिस्त काही लोकांना कोरडी वाटते.

१२ डिसेंबर, गुरुवार
वहिनींचा फोन. विचारलं, "येता ना जी?" म्हणालो, तयारी पूर्ण आहे. त्या म्हणाल्या, "तयारी कायची भाऊजी? पाठांतर आहे का?" मग म्हणाल्या, "मी पुढंच बसीन. तुमाले भेव नाई वाटणार."

मला भीती वाटत नाही. आवाज बारीक आहे, एवढंच. शाळेतही कविता म्हणायला उभं केलं की मी बाकाकडे पाहायचो.

१३ डिसेंबर, शुक्रवार
आठवं पान: "शेवटी, मयत व्यक्तीबाबत". पुढचं उद्या.

१४ डिसेंबर, शनिवार
भाषण आता अकरा पानं. विसंगतींना प्रस्तावना जोडली. आठवं पान अकरावं झालं. त्यावर कालचीच ओळ आहे. खाली मोकळी जागा मुद्दाम ठेवली. तो भाग उत्स्फूर्त असावा.

नवा शर्ट इस्त्री करून ठेवला. आत्मविश्वास पूर्ण.

१५ डिसेंबर, रविवार, संध्याकाळी सात
सभा झाली. तपशीलवार लिहितो.

चक्कीवर पांढरी चादर टाकली होती. चाळीसेक माणसं, सतरंज्या टाकून. समोर नव्या धानाची पोती, कोहळे, वाल, पपया. दादाचा फोटो पोत्यावर टेकवला होता. वहिनी पहिल्या रांगेत, फोटोच्या बाजूला. लखन पांढऱ्या शर्टात होता, भुवया काळ्या. मला आधी ओळखूच आला नाही.

मी उभा राहिलो. विसंगती क्रमांक एक वाचली. स्पष्ट शब्दांत म्हणालो, एका ठिकाणी माणूस किडा आहे.

सगळे एका आवाजात म्हणाले, "आमेन!"

मला वाटलं मुद्दा पटला. पुढे म्हणालो, आणि दुसऱ्या ठिकाणी देवाहून थोडाच कमी. "आमेन!" मागून कोणी "हालेलूया" म्हणालं. मी चष्मा सारखा केला आणि आवाज चढवून विचारलं, मग ही दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी कशी असू शकतात? "आमेन! आमेन!" एक म्हातारबाबा डोळे पुसत होते.

असा प्रतिसाद मला आयुष्यात कधी मिळाला नव्हता. मोजणीच्या वेळी तर लोक अंगावर यायचे. मी प्रत्येक विसंगती सावकाश वाचली. काही दोनदा. सातव्या पानापासून आवाज बारीक राहिला नाही. आपली चांगली कामं मळक्या चिंध्या आहेत, असं म्हणालो तेव्हा लोकांनी हात वर केले. एकूण चोवीस मिनिटं. अकरावं पान वाचायला घेतलं, "शेवटी, मयत व्यक्तीबाबत", तेवढ्यात लखन पेटीवर बसला आणि गाणं सुरू झालं. त्याला वाटलं संपलं. मी त्याला थांबवू शकलो असतो. गाणं चांगलं होतं.

माझ्यानंतर धुरपताबाई उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "केशोदादा पावसाच्या आंधी दरसाल माह्या घराच्या छपराचे कवेलू फेरून द्यायचा. शिडी त्याचीच. पैसे घेत नवता. दादा, तुहे आभार." आणि बसल्या. दहा सेकंद. त्यांनी माणसाच्या नालायकीचा मुद्दा अजिबात हाताळला नाही.

लखनने जाताना हात धरला. म्हणाला, "काकाजी, काय साक्ष दिली जी! दरसाल या." 

वहिनी म्हणाल्या, "उभं राहून पाय दुखले असन. जेवून जा." आणि लगेच पातेल्यांकडे गेल्या. घाईत होत्या, वाढायचं होतं.

एकंदरीत मोठं यश.

१६ डिसेंबर, सोमवार
 आज चहा देताना दुर्गा म्हणाली, "दादाचं नाव एकदाही नाही आलं." 

हे शक्य नाही. कागद काढून तपासले. पानं एक ते दहा: नाव नाही. पान अकरा: "मयत व्यक्ती", एकदा. तेही वाचलं गेलं नाही.

दुर्गा म्हणाली, "भाभी पूरा टाइम फोटो की तरफ देख रही थी. तुम्ही पान उलटलं की वर बघायच्या. हर बार. अकरा वेळा." 

मी म्हणालो, पान दहाच वेळा उलटलं. अकरा पानांना दहा.

ती कप न घेता आत गेली.

१८ डिसेंबर, बुधवार
वहिनींना पत्र लिहायचं ठरवलं. लेखी गोष्टीला किंमत असते. "सौ." लिहिलं, मग लक्षात आलं. कागद फाडला. दुसरा घेतला नाही.

१९ डिसेंबर, गुरुवार
बायबल परत द्यायला हवं. पुस्तक त्यांचं आहे. रविवारी जाऊन देईन आणि ते वाक्यही तिथेच, घरातल्या घरात सांगून टाकीन. समोर एकच माणूस. तेही नात्यातलं.

विसंगती बाजूला ठेवल्या आहेत. सुटलेल्या नाहीत.

२१ डिसेंबर, शनिवार
वाक्य: "दादाने माझ्यासाठी जे केलं त्याचे आभार." सहा शब्द. आरशासमोर म्हणून पाहिलं. चौथ्या शब्दापर्यंत जमतं.

२२ डिसेंबर, रविवार
सौंदडला गेलो. कागद नेला नाही.

वहिनी एकट्या होत्या. बायबल दिलं. त्यांनी ते पदराने पुसलं, धूळ नव्हती तरी. जेवायला वाढलं. भात, वरण, वांग्याची भाजी. त्या समोर पाटावर बसल्या.

मी म्हणालो, "वहिनी."

त्या थांबल्या. हातात वाढायचा चमचा होता, तो त्यांनी खाली ठेवला. मांडीवर हात घेतले. त्या वाट पाहत आहेत, हे मला समजलं. मला सगळंच समजत होतं.

मी म्हणालो, "दादाने." भातात वरण कालवलं. मग म्हणालो, "भाजी चांगली झाली."

वहिनींनी चमचा पुन्हा उचलला. म्हणाल्या, "चाळीस वर्षांत पह्यल्यांदा म्हणाले तुम्ही." मग स्वतःच्या बोटाने भाजी चाखली. "अगे माय. मीठच नाई टाकलं म्या. एकटीचं रांधाची सवय नाई, इसरूनच जातो. तुम्ही सांगतलं काऊन नाई?"

मी म्हणालो, तरी चांगली झाली.

त्या हसल्या. हसता हसता पदर तोंडाशी नेला आणि तो बराच वेळ तिथेच राहिला. मग म्हणाल्या, "तुमचे दादा बी असेच. कॉलेजात तुमचा डबा जाये तं मी चार वाजता उठू. तीन वर्षं. एक डाव तरी म्हणतील, अनुसया, तुहे आभार. नाई म्हटलं. मले वाटलं, तुम्ही त्यायले म्हटलं तं थोडं मलेही आयकू येईल."

डबा वहिनी करत होत्या, हे मी यादीत लिहिलं नव्हतं. मोका समोर होता. खोलीत दुसरं कोणी नव्हतं, पुस्तकही बंद होतं.

मी ताट पुढे केलं आणि आणखी भाजी मागितली.

वहिनींनी वाढली. मिठाचा डबा आणून ताटाजवळ ठेवला. मी जेवण संपेपर्यंत त्याला हात लावला नाही.